छातीत आयसीडी बसवल्यावर मन सावरायचं कसं: गोव्यातल्या बायकांसाठी टप्प्याटप्प्याने

हृदयाचं यंत्र बसवून घरी आलेल्या बाईचं बरं चाललंय हे घरचे कशावरून ठरवतात? ती परत चुलीपाशी उभी राहिली यावरून. टाके सुकायच्या आत ती विळीवर नारळ खवायला बसते, पंधरवड्यात धुणं-भांडी हातात घेते, आणि तपासणीला डॉक्टरांनी विचारलं की "सगळं करते हो ती" असं नवराच सांगून मोकळा होतो. हीच बाई दुपारी घरात कोणी नसताना आंघोळ टाळते, स्कूटरची किल्ली जावेकडे देऊन टाकते, धालोच्या, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या, मांडाकडे फिरकत नाही. ते मात्र कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

क्रम चुकतो तो इथे. जी कामं महिना-दीड महिना थांबायला हवीत ती आधी सुरू होतात, आणि ज्यांनी मन ताळ्यावर येतं त्या गोष्टी कायमच्या सुटतात. खालचे टप्पे तो क्रम सरळ करण्यासाठी आहेत. बहुतेक सूचना आयसीडीच्या, म्हणजे जीवघेणा ठोका ओळखून शॉक देणाऱ्या यंत्राच्या आहेत. नुसता पेसमेकर, म्हणजे मंद ठोक्याला गती देणारं यंत्र, असेल तर शॉकचे दोन टप्पे (2 आणि 6) सोडा, बाकीचं तुम्हालाही लागू आहे.

टप्पा 1: डिस्चार्जच्या आधी स्वतः विचारायचे प्रश्न

डॉक्टर वॉर्डबाहेर मुलाला किंवा नवऱ्याला सगळं समजावतात, आणि खाटेवरच्या बाईपर्यंत पोचतं ते एवढंच: "मशीन बसवलंय, काळजी करू नकोस." पुढच्या निम्म्या भीतीचं मूळ या अर्धवट माहितीत असतं. म्हणून बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो वा खासगी इस्पितळ, हे प्रश्न तुमच्या तोंडून जाऊ द्या आणि उत्तरं वहीत लिहून घ्या:

- माझं यंत्र पेसमेकर की आयसीडी? ते का बसवलं? घातक ठोका एकदा येऊन गेला म्हणून, की येऊ नये याची खबरदारी म्हणून? (या दोन्हींत फार फरक आहे, आणि कित्येक बायकांना वर्ष उलटलं तरी आपण कोणत्या गटात ते माहीत नसतं.)
- नाडी किती झाली की यंत्र जागं होतं?
- गाडी, स्कूटर कधीपासून? उत्तर लेखी मागा. खबरदारी म्हणून यंत्र बसवलं असेल तर बंदी बहुधा काही आठवड्यांची असते. बेशुद्धी किंवा शॉक झाला असेल तर काही महिन्यांची.
- यंत्र इशारा कसा देतं? काही यंत्रं बीप वाजवतात, काही छातीत कंप देतात. तुमच्या यंत्राचा नमुना क्लिनिकमध्येच ऐकवायला सांगा, नाहीतर पहाटे बीप झालं की घरभर धावपळ होते.
- पुढे यंत्र बदलायचा खर्च कोण करेल? गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत किंवा तुमच्या विम्यात काय बसतं, ते त्याच दिवशी काउंटरवर विचारा.

शेवटचा प्रश्न पैशाचा वाटतो, पण तो मनाचाही आहे. "माझ्यापायी केवढा खर्च झाला" हे ओझं बायका वर्षानुवर्षं वाहतात आणि त्यापायी पुढच्या तपासण्या टाळतात. आकडा आणि सोय माहीत असली की ओझं निदान मोजता तरी येतं.

*तपासा:* यंत्राचं ओळखपत्र पर्समध्ये आहे ना? त्याचा फोटो तुमच्या आणि घरच्या एकाच्या मोबाईलमध्ये आहे ना?

टप्पा 2: शॉकचा कागद, फ्रिजवर

शॉक कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. आल्यावर काय करायचं हे मात्र आधी ठरवता येतं. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा:

1. एक शॉक आला आणि लगेच बरं वाटलं: बसा, पाणी प्या, वेळ लिहा. त्याच दिवशी क्लिनिकला फोन.
2. एक शॉक आला आणि त्यानंतर चक्कर, दम, छातीत दुखणं, किंवा 24 तासांत दोन वा अधिक शॉक: लगेच 108.
3. शुद्ध हरपली, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही: 108 लावा आणि छाती दाबायला सुरुवात करा. यंत्र असलेल्या माणसालाही सीपीआर द्यायचाच असतो.

खाली क्लिनिकचा नंबर, औषधांची नावं, आणि घराची खूण. 108 च्या गाडीला सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावर "देवळाच्या मागचं घर" एवढ्यावर पोचता येत नाही. वाड्याचं नाव, जवळची शाळा किंवा पंचायत, आणि वळणावर कोण उभं राहील ते लिहा.

मुलांना कागद वाचून दाखवा. "आईला हात लावला तर तुलाही करंट बसेल" असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतंच. शॉकच्या क्षणी कुणाचा हात तुमच्या अंगाला असला तर त्याला फार तर बारीक झिणझिणी जाणवेल, इजा होत नाही.

*सावधान:* कागद कपाटात, फायलीत ठेवू नका. सापडत नसलेली योजना नसल्यातच जमा.

टप्पा 3: पहिले सहा आठवडे: हात, जखम आणि आरसा

यंत्र बहुधा डाव्या खांद्याखाली, गळ्याच्या हाडाखालच्या कप्प्यात असतं. त्याच्या तारा हृदयात नीट रुजेपर्यंत साधारण 4 ते 6 आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. आपल्याकडच्या घरात याचा अर्थ: विहिरीतून कळशी ओढणं नाही, उंच दोरीवर कपडे वाळत घालणं नाही, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली असेल तर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर चढणं नाही. तुमचं नेमकं बंधन किती दिवसांचं ते तुमचे डॉक्टर सांगतील.

उलट चूकही तेवढीच होते. भीतीने हात पोटाशी धरून महिनाभर हलवतच नाहीत आणि मग खांदा आखडतो. खांद्याच्या खालपर्यंतच्या साध्या हालचाली, केस विंचरणं सोडून रोजची हलकी कामं, हे सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा.

आता आरसा. यंत्र बसवलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत पन्नाशीच्या आतल्या बायकांना शॉकची आणि बदललेल्या शरीराची चिंता जास्त असल्याचं दिसलं आहे. तरी ओपीडीत व्रणाविषयी बोलणं म्हणजे नखरा असं समजलं जातं. तो नखरा नाही. पट्टी निघाल्यावर असं करा: पहिल्यांदा एकटीनेच, दिवसा, चांगल्या उजेडात बघा. फक्त बघा, अर्धा मिनिट. दुसऱ्या दिवशी परत. जखम पूर्ण भरल्यावर स्वच्छ बोटांनी कडेकडेने स्पर्श करा, यंत्राची कड हाताला कुठे लागते ते ओळखून ठेवा. ही ओळख झाली की रात्री कुशीवर वळताना तिथे काही टोचलं तर दचकायला होत नाही.

*सावधान:* स्पर्श चालेल, चाळा नको. यंत्र कातडीखाली फिरवायची, ढकलायची सवय लागली तर तारा गुंडाळल्या जाऊन हृदयातून सुटू शकतात. आणि लाली, वाढती सूज, पू, ताप यांपैकी काहीही दिसलं तर हळद लावून वाट बघू नका, क्लिनिक गाठा.

कपड्यांचं आधीच बघून ठेवा. ब्रेसियरचा पट्टा नेमका यंत्रावरून जातो. रुंद पट्ट्याची घ्या किंवा पट्ट्याखाली मऊ सुती रुमालाची चौघडी ठेवा. ब्लाउजचा गळा त्या बाजूला दोन बोटं वर घ्यायला शिंप्याला सांगा, किंवा सांगू नका. व्रण दिसला तर दिसला, हे तुम्ही ठरवायचं, सासूने नाही. गाडीचा पट्टा खांद्यावर काचत असेल तर त्याला मऊ आवरण लावा, पट्टा काढून बसू नका. आणि ब्लाउजमध्ये मोबाईल खुपसायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

टप्पा 4: भीतीची यादी चाळून घ्या

शेजारपाजारचे जी यादी देतात त्यात मिक्सर, टीव्ही, वीज चमकणं, देवळातली घंटा, सगळं असतं. एवढं सगळं टाळायचं तर जगायचं कुठे? खरी यादी छोटी आहे:

- मोबाईल यंत्रापासून 15 सेंमी लांब, दुसऱ्या कानाला. चुंबकाच्या बटणाची पर्स, चुंबकाची ब्रोच, हेडफोन यांनाही तेच अंतर.
- इंडक्शन शेगडी चालू असताना छाती तिच्यापासून 60 सेंमी लांब. छोट्या स्वयंपाकघरात हे जमत नाही, त्यापेक्षा गॅस बरा.
- वेल्डिंगच्या जवळ जाऊ नका. दुखण्यावर विजेचे झटके देणारं मशीन फिजिओथेरपीत लावू देऊ नका.
- मोपा किंवा दाबोळी विमानतळावर सुरक्षा तपासणीत आधीच कार्ड दाखवा. चौकटीतून नेहमीच्या चालीने जा, तिथे रेंगाळू नका, हातातलं डिटेक्टर छातीवर धरू देऊ नका.
- एमआरआय, शस्त्रक्रिया, दाताचं काम, मॅमोग्राम: आधी सांगा. मॅमोग्राम टाळायचा नाही. तंत्रज्ञाला यंत्राची जागा दाखवली की ती त्या बेताने दाब देते.

मिक्सर, मायक्रोवेव्ह, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, पंखा यांचं काही नाही, फक्त ती नीट चालणारी असावीत. घंटा खुशाल वाजवा, सहा आठवड्यांनंतर.

टप्पा 5: टाळलेल्या गोष्टींची शिडी

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या टप्प्याला. भीतीला विश्रांती दिली की ती वाढते. जिथे जायचं टाळलं, तिथे आपण वाचलो ते टाळल्यामुळेच असं मन नोंदवून ठेवतं, आणि पुढच्या वेळी आणखी एक जागा टाळायला लावतं. उपाय मानसोपचारात रुळलेला आहे: टाळलेली गोष्ट पायरी-पायरीने परत करणं.

5.1 यादी. घरकाम सोडून, यंत्र बसवल्यापासून तुम्ही काय सोडलं ते लिहा. घरकाम सोडून हे महत्त्वाचं, कारण ते तुम्ही कसंही करता. एकटीने आंघोळ, बसने माहेरी डिचोलीला जाणं, भजनी मंडळ, संध्याकाळचं चालणं, नवऱ्याच्या शेजारी झोपणं, धालो. प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा लिहा, 0 ते 10.

5.2 परवानगी. ही यादी डॉक्टरांना दाखवा. कशाला हो, कशाला थांबा ते त्यांच्याकडून घ्या. व्यायामाला नाडीची मर्यादा विचारा: यंत्र ज्या गतीला जागं होतं त्याच्या 10 ते 20 ठोके खालीच थांबायचं असतं. ही एक संख्या हातात असली की चढावर धाप लागली तरी "आता शॉक येणार" असं वाटत नाही. चढावर ठोके वाढणं हे हृदयाचं कामच आहे.

5.3 सुरुवात 3 किंवा 4 च्या आकड्यापासून. 9 वाली गोष्ट हिमतीने करून दाखवायची नाही. एकच पायरी, रोज किंवा दिवसाआड, भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत. मग पुढची.

5.4 सोबत हळूहळू काढा. आधी माणूस शेजारी, मग बाहेरच्या खोलीत, मग फोनवर. एकट्या आंघोळीसाठी: पहिल्यांदा दार नुसतं लोटलेलं आणि बाहेर मुलगी. मग मुलगी स्वयंपाकघरात. मग घरात कोणी नाही, फक्त शेजारणीला फोन करून सांगितलेलं. कडी लावायची गरज नाही. स्टुलावर बसून, कोमट पाण्याने.

धालोचं उदाहरण सविस्तर घेते, कारण पौष महिना आला की हा प्रश्न हमखास येतो. "रांगेत कमरेला हात गुंफलेले असताना मला शॉक आला तर बाकीच्या बायकांचं काय?" काही होत नाही, ते वर टप्पा 2 मध्ये आलंच. पण हे वाचून पाय मांडाकडे वळत नाहीत, म्हणून पायऱ्या. पहिल्या रात्री मांडाच्या कडेला बसून गाणी म्हणा, एवढंच. दुसऱ्या रात्री रांगेच्या डाव्या टोकाला उभ्या राहा, म्हणजे यंत्राची बाजू मोकळी राहते आणि त्या हाताला ओढ बसत नाही. एक गाणं, मग बसा. मग दोन गाणी. शेजारच्या एकीला यंत्राचं आणि कागदाचं सांगून ठेवा. अख्ख्या मांडाला सांगायची गरज नाही. नाहीतर धालो बाजूला आणि तुमचीच चौकशी रंगेल.

स्कूटरचं दुःख वेगळं आहे. गोव्यात स्कूटर गेली म्हणजे बाजार, बँक, मुलांचा क्लास, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर. बंदी चोरून मोडू नका, घेरी आली तर फक्त तुम्हीच पडत नाही. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीच्या) मागे बसणंही त्या काळात टाळा. पण "आता काय, घरीच" हेही नको. आठवड्यातून एकदा तरी कदंब बसने स्वतःच्या कामाला एकटी जा. बंदीची तारीख कॅलेंडरवर लिहा, संपली की परत विचारा. डॉक्टर आपणहून सांगतील म्हणून थांबलेल्या बायकांच्या स्कूटरी अंगणात गंजतात.

*सावधान:* दिवसभर नाडीवर बोट, दर तासाला ऑक्सिमीटर, सारखं स्मार्टवॉचकडे बघणं ही काळजी वाटते, पण तो भीतीचाच खुराक आहे. सांगितलं असेल तेवढ्याच वेळा मोजा.

*तपासा:* महिन्याच्या शेवटी यादीतल्या किती गोष्टी तुम्ही स्वतःसाठी केल्या? शून्य असेल आणि घरकाम मात्र पूर्ण चालू असेल, तर तुम्ही सावरलेल्या नाहीत, फक्त कामाला लागलात.

टप्पा 6: शॉक आल्यानंतरचे दिवस

कागदाप्रमाणे वागा. क्लिनिकमध्ये यंत्र तपासल्यावर दोन गोष्टी विचारा: शॉक योग्य कारणाने आला का, आणि परत येऊ नये म्हणून काय बदललं? काही वेळा साध्या जलद ठोक्याला किंवा तारेतल्या बिघाडाला यंत्र फसतं, ते सेटिंग बदलून किंवा दुरुस्तीने सुधारतं. कारण कळलं की "मी रागावले म्हणून झालं", "मासिक पाळीत देवळात गेले म्हणून झालं" असल्या कल्पना मनात मूळ धरत नाहीत.

मग ती जागा. शॉक न्हाणीत आला तर न्हाणीची, ओट्याशी आला तर ओट्याची भीती बसते. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर एक-दोन दिवसांतच, कुणाला तरी घेऊन तिथे परत जा, पाच मिनिटं थांबा. महिनाभर लांबवलं तर टप्पा 5 ची सगळी शिडी परत चढावी लागते.

झोपेत जोराचा झटका बसला, दचकून उठलात, आणि यंत्रात शॉकची नोंदच नाही, असंही घडतं. त्याला आभासी शॉक म्हणतात. ती नाटकं नव्हेत, वेडही नव्हे. वेळ लिहा, यंत्र तपासून घ्या, नोंद नसल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वारंवार होत असेल तर तो टप्पा 8 चा विषय.

टप्पा 7: घरच्यांशी काय आणि किती बोलायचं

घरच्यांची माया दोन टोकांना जाते: "तू बस, हात लावू नको" किंवा "आता बरी झालीस ना?" दोन्हींवर एकच उत्तर चालतं, नेमकं काम सांगणं. "मदत करा" म्हणू नका. "पाण्याची कळशी तू आण, भाजी मी चिरते" असं म्हणा.

नवऱ्याशी जवळीक हा विषय ओपीडीत कुणीच काढत नाही, म्हणून इथे थेट लिहिते. जखम भरल्यावर, दोन जिने न थांबता चढता येत असतील तर बहुतेकींना हरकत नसते. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, लाज वाटत असेल तर नर्सला विचारा. त्या वेळी शॉक आलाच तर नवऱ्याला इजा होत नाही. कित्येक घरांत तो "तिला त्रास नको" म्हणून दूर झोपतो आणि ती "माझ्या व्रणाची किळस आली" असं समजते. दोघंही गप्प. हे मौन आधी तुम्हीच मोडा.

मूल हवं असेल तर यंत्र आहे म्हणून दार बंद झालं असं समजू नका. पण दिवस जायच्या आधी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा, कारण यंत्रापेक्षा मूळ आजार आणि चालू औषधं जास्त महत्त्वाची असतात.

उपास: हरताळकेचा निर्जळ उपास तुमच्यासाठी नाही. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम घटलं की ठोका बिघडू शकतो. जुलाब-उलट्यांतही तेच, ते अंगावर काढू नका. औषधाची गोळी कुठल्याही व्रतात चुकवायची नाही.

टप्पा 8: मदत कधी घ्यायची

शिडी चढूनही पुढचं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर आपणहून सांगा: रोजची उदासी, कशातच मन न लागणं, झोप उडणं, घराबाहेर पाऊल न टाकणं. शॉकनंतर महिना उलटला तरी तोच प्रसंग स्वप्नात येत असेल, बारीक आवाजाला दचकायला होत असेल, तरीही सांगा. आयसीडी बसवलेल्यांत साधारण पाचातल्या एकाला चिंता किंवा नैराश्याचा त्रास होतो, त्यामुळे डॉक्टरांना तुम्ही वेगळं काही सांगत नाही.

आधी शरीराची कारणं तपासा. अमिओडॅरोन (ठोका ताळ्यावर ठेवायचं औषध) चालू असेल तर थायरॉइडची तपासणी झाली का ते विचारा, कारण ते औषध थायरॉइड बिघडवू शकतं आणि बिघडलेला थायरॉइड हुबेहूब उदासीसारखा किंवा घबराटीसारखा दिसतो. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी थकवा येऊ शकतो. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा आणि धडधड येते, तीही हृदयाच्या खात्यावर मांडली जाते.

मग मानसोपचार. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं, लोक जिला आयपीएचबी म्हणतात, नाव काढलं की घरात आवाज खाली येतो. येऊ द्या. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. जायला जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 24 तास मोफत आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी तिथे फोन करा आणि घरच्या एकाला सांगा.

*सावधान:* झोपेच्या किंवा "टेन्शनच्या" गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. मनाच्या काही औषधांनी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांना यंत्राचं कार्ड आणि हृदयाच्या औषधांची यादी दाखवा.

टप्पा 9: यंत्र बदलायची वेळ

बॅटरी एका दिवसात संपत नाही. तपासणीत तिची पातळी कळते आणि बदलायला पुरेसा अवधी मिळतो, म्हणून साधारण 3 ते 6 महिन्यांची तपासणी चुकवू नका. बहुधा जुन्या तारा तशाच ठेवून फक्त डबी बदलतात, त्यामुळे हाताची बंधनंही अनेकदा कमी दिवसांची असतात.

मनाचं मात्र बऱ्याच जणींना पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं, झोप जाते, जुना शॉक आठवतो. तारीख ठरली की टप्पा 1 चे प्रश्न परत विचारा, कारण नव्या यंत्राचा बीप आणि सेटिंग वेगळी असू शकते. फ्रिजवरचा कागद नव्याने लिहा, कार्डाचा फोटो बदला. आणि डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना सांगून ठेवा की या वेळी पहिले पंधरा दिवस नारळ कोण खवणार.